अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून जमिनीची एक पट्टी आहे, तिला सगळे बाग म्हणतात. तिची लांबी चाळीस पावलांपेक्षा जास्त भरणार नाही. तगर, जास्वंद, अडुळसा, कुणाच्या तरी कुंडीतून जमिनीत आलेली तुळस, भिंतीच्या फटीत आपणहून उगवलेली रुई आणि टोकाला एक उंच कढीपत्ता, एवढाच तिचा संसार. २०२१ च्या पावसाळ्यात फोडणीसाठी दोन डहाळ्या तोडायला मी खाली उतरले होते, तेव्हा एका पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. पान झटकले तरी ती पडेना, म्हणून चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिले, तर ती शीट पानाच्या कडेकडे हळूहळू सरकत होती.

ती फुलपाखराची अळी होती. कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला असल्यामुळे काही मोठी फुलपाखरे त्याच्यावर अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या लहानपणी काळपट-पांढऱ्या शिटेसारख्या दिसतात, जेणेकरून पक्ष्याने त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. डहाळी पाण्यात घालून मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. एकदा तिला बोटाने हलकेच टोचले, तेव्हा डोक्यामागून तांबूस रंगाचे दुशिंगी अवयव झटकन बाहेर आले आणि आंबूस, उग्र असा वास ओट्यावर पसरला. कोषातून पुढे कॉमन मॉरमॉन जातीचे काळे फुलपाखरू निघाले आणि उडून गेले. या सगळ्या दिवसांत मी मोबाइलवर पन्नासेक फोटो काढले होते. त्यांपैकी एकाही फोटोत अळीचे डोके स्पष्ट नव्हते. पान स्पष्ट होते, खिडकीचे गज स्पष्ट होते.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. निसटलेला अनुस्वार शोधण्यात पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे, डोळ्यांना दिसलेली बारीक गोष्ट कागदावर नीट उमटली नाही तर ती मला सोसत नाही. पुढच्या दोन वर्षांचा सगळा उपद्व्याप त्या खोडीतून झाला, असे म्हणायला हरकत नाही.

मोबाइलला चिमट्याने लावायची भिंगे आणली, कंटाळले आणि सोडून दिली. त्यानंतर भाच्याने त्याचा वापरात नसलेला डीएसएलआर कॅमेरा व ५० मिलिमीटरची लेन्स मला दिली आणि कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या नळ्या मागव, असे सुचवले. एक्स्टेन्शन ट्यूब या नावाने मिळणाऱ्या या नळ्या आतून पूर्ण पोकळ असतात, त्यांच्यात काच नसते. लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून, लांब नेली की ती अधिक जवळचे पाहू लागते, एवढाच त्यांचा उपयोग. हिशेबही सोपा आहे: नळीच्या लांबीला लेन्सच्या फोकल लांबीने भागले की जेवढे उत्तर येते, साधारण तेवढी वाढ मिळते. संचात १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्या होत्या. मी उत्साहाच्या भरात तिन्ही एकावर एक चढवल्या. ६८ भागिले ५०, म्हणजे किडा प्रत्यक्षात जेवढा आहे त्याहून तो सेन्सरवर मोठा पडणार, या कल्पनेनेच मी हरखून गेले होते.

पहिला महिनाभर जे फोटो आले, त्यांत रंगीत धुक्याखेरीज काही नव्हते. कुठेतरी एखादा केस, पायाचा एखादा काटा तेवढा सुईसारखा टोकदार दिसे आणि बाकी सगळे वितळलेले. चूक माझ्या हाताची आहे असे समजून मी तिपाई आणली, तरीही धुके तसेच. कारण निराळेच होते. मी घेतलेल्या स्वस्त नळ्यांना विजेचे संपर्कबिंदू नव्हते, त्यामुळे कॅमेरा लेन्सला उजेड आत घेणारे छिद्र लहान करायला सांगूच शकत नव्हता आणि लेन्स सदैव एफ/१.८ वर सताड उघडी राहत होती (हा एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). एवढ्या वाढीवर आणि एवढ्या उघड्या छिद्रातून जो पट्टा स्पष्ट येतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. मुंगीचे डोकेसुद्धा त्यात मावत नाही.

यावर एक जुनी युक्ती आहे आणि ती माझ्या कॅमेऱ्यात चालली. लेन्स नळ्यांशिवाय थेट कॅमेऱ्याला लावायची, छिद्र एफ/८ वर ठेवायचे, कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला असलेले फोकसची खोली तपासण्याचे बटण दाबून धरायचे आणि ते दाबलेले असतानाच लेन्स फिरवून काढायची. छिद्र त्याच मापावर अडकून राहते. मग मधली नळी बाजूला ठेवून ३६ आणि १२ एवढ्या दोनच वापरायच्या, म्हणजे वाढ साधारण एकास एक मिळते. सेन्सरची रुंदी जेमतेम २२ मिलिमीटर असल्यामुळे तेवढ्याच रुंदीचे जग चौकटीत येते आणि त्यातला स्पष्ट पट्टा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त जाड असतो. दहाव्या भागावरून अर्ध्यावर आले, तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखे वाटले होते.

लोभ मात्र सुटला नाही. छिद्र लहान केल्याने पट्टा रुंदावतो, तर मग एफ/२२ का नको, असे वाटून मी तेही करून पाहिले. सगळा किडा दिसू लागला, पण डोळ्यावरची जाळी पुसल्यासारखी मऊ झाली. लेन्स एकास एक वाढीला नेली की तिचे छिद्र प्रत्यक्षात आकड्याच्या दुप्पट लहान असल्यासारखे वागते, आणि अति लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. म्हणजे माझे एफ/२२ हे तिथे एफ/४४ झाले होते. तेव्हापासून एफ/८ ते एफ/११ यांच्या बाहेर मी सहसा जात नाही आणि जे काही अर्धा-पाऊण मिलिमीटर मिळेल, ते कुठे ठेवायचे एवढाच विचार करते.

ते ठेवण्याची पद्धतही उमजायला वेळ लागला. या अंतरावर फोकसचे कडे फिरवून काही साधत नाही. कडे एका जागी सोडून द्यायचे आणि स्वतःच पुढेमागे झुलायचे. ज्या क्षणी डोळा स्पष्ट होईल त्या क्षणी बटण दाबायचे. तिपाई मी माळ्यावर टाकली, कारण तिचे पाय लावेपर्यंत किडा बाग सोडून गेलेला असे. त्याऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत काडी किंवा पानाचा देठ धरायचा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवायची, म्हणजे वारा आला तरी फूल, हात आणि लेन्स तिन्ही एकत्र हलतात. श्वास अर्धा सोडून थांबायचे. एका सकाळी २०० फोटो काढले, तर त्यांतले पाच-सहा ठेवण्याजोगे निघतात. सुरुवातीला हे प्रमाण मला लाजिरवाणे वाटे. आता उरलेले १९५ पुसताना हात अडखळत नाही.

प्रकाशाने मात्र मला सर्वांत जास्त छळले. छिद्र लहान केल्यावर सावलीतल्या बागेत उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॅश लागतोच. तो हाताने, मॅन्युअलवर, १/१६ शक्तीवर ठेवला की त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकते आणि हाताचा कंप त्या चमकेत गोठून जातो. शटर १/२०० वर असले तरी खरे शटर फ्लॅशच असतो. एवढे जमल्यावर मी रुईवरच्या ढालकिड्याकडे वळले. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळा मावा दाटून बसतो आणि तो खायला ढालकिडे व त्यांच्या मगरीसारख्या लांबट अळ्या येतात, त्यामुळे तिथे गिऱ्हाइकांची वाण नसते. फोटोत किड्याची लाल पाठ होती आणि तिच्या मधोमध बिनरंगी, जळका पांढरा ठिपका. ढालकिड्याची पाठ म्हणजे बहिर्गोल आरसाच. समोरच्या फ्लॅशची जशीच्या तशी प्रतिमा तो दाखवत होता.

प्रकाश मऊ करायचा म्हणजे तो मंद करायचा, हा माझा गैरसमज होता. फ्लॅशवर रुमाल बांधून तो ठिपका फक्त जरा मळका झाला. प्रकाश मऊ होतो तो किड्याच्या बाजूने पाहता दिवा किती मोठा दिसतो त्यावर, म्हणजे पांढरा पडदा मोठा हवा आणि तो किड्याच्या अगदी जवळ हवा. बटाट्याच्या वेफर्सचा रिकामा गोल डबा मी उभा चिरला, आतल्या चंदेरी बाजूने फ्लॅशचा उजेड पुढे आणला आणि तोंडाशी बटर पेपरचे दोन थर, मधे बोटभर अंतर ठेवून, लेन्सच्या टोकावर छपरासारखे वाकवून लावले. पहिला डबा पावसात भिजून लगदा झाला. दुसऱ्याची घडी चुकीची पडली. तिसरा अजून चालतो. सोसायटीतली मुले त्याला तोफ म्हणतात.

या छपराची परीक्षा उड्या मारणाऱ्या कोळ्याने घेतली. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, हे माहीत आहे, पण बागेत वर्गवारी करून कोणी बसत नाही.) त्याच्या आठ डोळ्यांपैकी मधले दोन फार मोठे आणि समोर रोखलेले असतात. जास्वंदीच्या पानावर तो माझ्याकडे वळून थांबला, तेव्हा मी सलग चार फोटो काढले. संगणकावर ते पूर्ण मोठे करून पाहिले, तर दोन्ही काळ्याभोर डोळ्यांत एकेक पांढरी चौकट होती आणि त्या चौकटीत बटर पेपरला पडलेली तिरकी सुरकुती चक्क दिसत होती. मी तो कागद बदलला.

दिवसाढवळ्या काढलेल्या फोटोंत मागे काळीकुट्ट रात्र का येते, हा त्यानंतरचा प्रश्न. फ्लॅशचा उजेड थोड्या अंतरातच ओसरतो आणि मागे चार-पाच फुटांवर काही असेल तर तिथवर पोहोचत नाही. आता मी हळदीचे किंवा कर्दळीचे एक रुंद पान किड्याच्या मागे वीतभर अंतरावर धरते किंवा धुण्याच्या चिमट्याने अडकवते, म्हणजे मागे शांत हिरवा रंग येतो.

२०२२ च्या मे महिन्यात फोर्टमधल्या बोरा बाजारात जाऊन १०० मिलिमीटरची जुनी मॅक्रो लेन्स, म्हणजे मुळातच जवळचे टिपण्यासाठी बनवलेली, घेतली. नळ्यांवर किड्यापासून चार-पाच बोटांवर जावे लागे; ही लेन्स एकास एकच्या वाढीला सेन्सरपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर काम करते, त्यामुळे किड्याला सावली पडत नाही आणि तो बिथरत नाही. महागडी वस्तू म्हणून तिला मऊ सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. गणपतीत बाहेर काढून मागच्या बाजूने टॉर्च मारला, तेव्हा आतल्या काचेवर कोळिष्टकासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या रेषा दिसल्या. ती बुरशी होती. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी लेन्स हातात घेताच विचारले, "मॅडम, कापडात गुंडाळून ठेवली होती ना? कापड ओल धरतं हो. मुंबईत लेन्सला डबा लागतो, दुपटं नाही." साफसफाईला जे पैसे गेले, त्यांत असे वीस डबे आले असते. आता लेन्स हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते आणि आत ठेवलेल्या लहानशा मापकाचा काटा ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या वर सरकला की पुड्या बदलते. एसीच्या खोलीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा नेला की काचेवर वाफ धरते, म्हणून निघण्याआधी तो अर्धा तास बंद पिशवीतच बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हेही याच काळात शिकले.

या विषयावर जे वाचले, त्यात सर्वत्र सांगितलेले असे की पहाटे थंडीत किडे गारठून बसतात, अंगावर दव असते, तेव्हा फोटो काढा. मुंबईत गारठून बसायला किड्यांना सवड कुठे आहे? पहाटेचा फायदा इथे दुसराच आहे: हवा पडलेली असते. अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू झाला की प्रत्येक पान डोलू लागते आणि अर्ध्या मिलिमीटरचा धंदा बंद करावा लागतो. म्हणून साडेसहा ते नऊ ही माझी वेळ ठरली.

सुटीच्या दिवशी मी कधीकधी माहीम आणि धारावीच्या हद्दीवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाते. मिठी नदीच्या काठी जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे, तिथेच ही झाडी वाढवलेली आहे. तिथे एका झाडावर पाने शिवून घरटी करणारे तांबडे मुंगळे होते. आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणारे रेशीम वापरून ते पाने जोडतात. तेच टिपण्यासाठी तासभर मान वर करून उभी होते. एक मुंगळा जरा एकटा, रांगेपासून दूर फिरत होता, म्हणून त्याचेही दोन-तीन फोटो सहज काढले. घरी ते मोठे करून पाहताना पाय मोजले, ते आठ भरले. पुढची जोडी त्याने मिशांसारखी वर उचलून धरली होती. कंबर मुंगळ्यासारखीच आवळलेली, रंग तोच. तो मुंगळ्याचे सोंग घेणारा कोळी होता. पंचवीस वर्षे चुका शोधणाऱ्या माझ्या डोळ्यांनी त्याला समोरासमोर सोडून दिले होते, याचा मला थोडा राग आला आणि पुष्कळशी मजाही वाटली.

सोसायटीच्या बागेत मात्र २०२३ च्या जूनमध्ये कीटकनाशकाची जोरदार फवारणी झाली. दोन दिवसांत रुईचा मावा गेला, मागोमाग ढालकिडे गेले, आणि तुळशीच्या पानाखाली केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली हिरव्या जाळीपंखी किड्याची अंडी वाळून गेली. ही अंडी देठावर असण्याचे कारण असे सांगतात की आधी बाहेर पडलेल्या अळीने शेजारचे भावंड खाऊ नये. मी कमिटीकडे तक्रार केली, तेव्हा सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो ताई, बागेतले किडे मारायलाच तर फवारणी करतात ना!" त्यांच्या बाजूने पाहता त्यात चूक नव्हती. महिन्याभराने मावा परतला, ढालकिड्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागला, आणि मधल्या काळात रुई चिकट, काळी पडली. ते मात्र फवारणीच्या हिशेबात कोणी धरले नाही.

पुढचे सगळे आमच्या माळीकाकांमुळे घडले. ते जुन्नरकडचे, घरची शेती असलेले. मी रोज सकाळी गुडघे टेकून तुळशीभोवती फिरणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांमागे लागलेली त्यांनी आठवडाभर पाहिली. या माश्या फुलावर क्षणभर थांबतात न थांबतात तोच पुढे जातात, त्यामुळे माझ्या हाती रिकामी मंजिरीच लागे. शेवटी ते म्हणाले, "ताई, सकाळचं काय घावायचं तुम्हाला? तिन्हीसांजेला या. त्या भिंतीकडल्या वाळक्या काडीला लटकून झोपत्यात त्या."

ऑक्टोबरचा महिना होता. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून मी सातच्या सुमारास खाली गेले, कारण मधमाश्यांना तांबडा रंग दिसत नाही. भिंतीजवळ गेल्या वर्षीच्या तुळशीची एक वाळकी काडी उभी होती, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. तिच्यावर एकाखाली एक सात माश्या होत्या. त्यांनी काडी पायांनी पकडली नव्हती. जबड्यांनी चावून धरली होती, आणि पाय पोटाशी घेऊन सगळे अंग हवेत आडवे सोडून दिले होते. हे नर असतात. माद्या जमिनीतल्या आपापल्या बिळांत झोपतात, आणि घर नसलेले नर रात्रीपुरते असे एका काडीवर जमतात.

दोन वर्षांत पहिल्यांदाच समोरचा जीव माझी वाट पाहत थांबला होता, आणि तेव्हा मला एक गोष्ट सावकाश करून पाहता आली. एरवी किडा ज्या कोनात सापडेल त्या कोनात घाईने घ्यावा लागतो आणि तो तिरका असला की डोळा स्पष्ट येतो, पण पोट धूसर होते. माशी सव्वा सेंटिमीटर लांब. तो अर्धा मिलिमीटर तिला आडवा छेदून गेला तर वाया जातो आणि तिच्या अंगाबरोबर लांबीने ठेवला तर डोळ्यापासून पोटाच्या टोकापर्यंत पुरतो. मी भिंतीला पाठ लावून बसले, सेन्सर माशीच्या कुशीला समांतर येईपर्यंत बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकत राहिले. दर फोटोनंतर पडद्यावर मोठे करून पाहायचे, शेपूट धूसर असेल तर उजवे कोपर किंचित मागे घ्यायचे. चमक पडताच एखादी माशी मागचा पाय ताणून पुन्हा दुमडून घेई, म्हणून आठ-दहा फोटोंवर थांबले. त्यांतल्या एकात हिरवट मोठा डोळा, छातीवरची तपकिरी लव आणि पोटावरचे पाचही निळे पट्टे एकाच वेळी स्पष्ट उतरले. जवळून पाहता ते पट्टे म्हणजे रंगवलेल्या रेषा नाहीत. दाट, आखूड, मोरपिशी चकाकीचे केस आहेत.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी खाली जाऊ लागले. दिवाळीआधी बागेची साफसफाई निघाली आणि वाळके सगळे छाटायचा हुकूम झाला. मी ऑफिसला निघताना माळीकाकांना त्या काडीची आठवण केली, तर त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी टॉर्च घेऊन गेले, तेव्हा आजूबाजूची तुळस बुडापासून कापलेली होती, आणि ती एक काडी, छाटणाऱ्या पोराला कळावे म्हणून मधोमध देवळातला लाल दोरा बांधून, तशीच ठेवलेली होती. तिच्यावर नऊ माश्या होत्या. त्यांतल्या दोघींनी, म्हणजे दोघांनी, काडी सोडून दोऱ्याचेच टोक जबड्यात धरले होते. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात दोऱ्याचा पीळ आणि जबडा दोन्ही केसागणिक स्पष्ट आले आहेत, डोळा मात्र थोडक्यात हुकला आहे.